सोळा फुटांवरची विहीण

सोलापूर, पौष महिना, मंगळवार

चन्नवीर, कॅमेरा दिलास, पण तो कुठल्या डोळ्यानं बघतो ते सांगितलं न्हाईस. बैल द्यायचा आन् येसण आपल्याकडंच ठेवायची, असली ही तुझी भेट. एवढं आधी लिहून टाकते, न्हायतर ख्यालीखुशाली विचारण्यात राग निवून जातो आन् मग पत्राला चव ऱ्हात न्हाय.

आता रीतीचं. चि. चन्नवीर यास थोरली बहीण गुरम्मा हिचा आशीर्वाद. सिद्धरामेश्वराच्या कृपेनं हितं सगळी जिवंत हायत. तुझं पोट कसं हाय? रत्नम्माचा गुडघा कसा हाय? (गुडघा दुखतो म्हणून लग्नात तुझ्या बायकोनं एक पाट उचलला न्हाय, पण वरातीत वेशीपतुर बँडाच्या पुढं चालत गेली, ते मी बगितलंय.) जेऊरला थंडी लई असंल. रातच्या गाडीला झेंडी दाखवायला जाशील तवा कान बांधून जा, तुझं कान लहानपणापास्नं कमजोर. हे पत्र मी माझ्या हातानं लिहितीया. शाळा दुसरीतनं सुटली, अक्षर कोंबडीच्या पायाचं हाय, पण सुनेला लिहायला सांगितलं तर शिवम्मा आशीर्वादाखाली ‘सर्व क्षेम’ लिहून भाकऱ्या थापायला जाते, आन् जे लिहायचंय ते लिहायचंच ऱ्हातं. मधीमधी ओळ तुटल्यागत दिसंल, त्याचं कारण म्हणजे दाराची कडी वाजली की मी कागद पिठाच्या डब्याखाली सारते. दर खेपंला वाटतं, आली विहीणबाई. आत्ता बी वाजली. दूधवाला हुता. त्याच्यावर उगंच खेकसले.

विहीण म्हणजे काशम्मा, माझ्या नातीची, आपल्या गौरम्माची सासू, अक्कलकोटची. तुला सांगायला नको, तू तिच्या शेजारी पंगतीला बसला हुतास. तिचा सांगावा आलाय की पुढच्या आठवड्यात सिद्धरामाच्या गड्ड्याच्या यात्रंला येते, आपल्याकडंच उतरते, आन् “यात्रा बघू, तसं लग्नाचे फोटो बी बघू.” सांगावा आणणाऱ्यानं तो जसा म्हणून दाखवला ना, त्यातनंच मला तिची मान वाकडी झालेली दिसली. गौरम्मा पहिल्या संक्रांतीला म्हणून आधीच आलीय. पोरगी रडत न्हाय, माझ्यावर गेलीय, पण पोळी लाटताना लाटणं जोरात आपटते. विचारलं तर म्हणते, “आज्जी, तितं रोज जेवायला बसलं की लाडू निघत्यात.” लाडू म्हणजे ताटातले न्हवं, तोंडातले. आपल्याकडच्या लग्नात दुसऱ्या पंगतीला बुंदीचे लाडू सरले, हे सासू रोज नव्या माणसाला सांगते. “मुलीकडच्यांनी लाडवात हात आखडला. फोटोत बी आखडला असंल. म्हणून तर अजून दाखवंनात.”

आता साखर रेशनवर मोजून मिळायच्या ह्या दिवसांत मी त्या लाडवाची साखर कुटनं कुटनं जमवली ते माझं मला म्हाईत. टोपली भरून, वर धडपा बांधून, कोठीच्या खोलीत मी स्वतःच्या हातानं ठेवली हुती. पहिली पंगत उठायच्या आत निम्मी टोपली खाली. आचाऱ्याला झापलं, त्याच्या पोराला झापलं, आन् खरं सांगते, तुझी बायको कोठीच्या दाराशी दोनदा दिसली हुती, ते बी माझ्या मनात हाय. पण ते जाऊ दे. आत्ता सवाल फोटोचा हाय. फोटो असते तर तिच्या तोंडावर टाकले असते की बघा, एवढा मांडव, एवढी माणसं, एवढं वाढलेलं ताट. न्हाईत. म्हणजे हायत, पण ते फोटो दाखवायचे असले तर त्याच्याबरोबर एक शपथ घ्यावी लागंल की हे लग्नाचेच हायत.

मुळापास्नं सांगते. याद्या करायला बसलो तवा काशम्मा म्हणाली, फोटोवाला आमचा अक्कलकोटचा आणतो, त्याचं तेवढं तुमी बघा. मी हूं म्हणणार हुते. पण माझा पोरगा सिद्धलिंग, कापडाच्या दुकानात गज मापून मापून त्याला वाटतं जगच मापात आलंय, मांडीवर थाप मारून म्हणाला, “फोटो आमच्याकडं लागले. घरात कॅमेरा हाय.” घरात कॅमेरा हाय! तू दसऱ्याच्या आधी आणून दिलास त्यो. कुणा गार्डाचा जुना, कातडी पेटीतला, कळ दाबली की पोटातनं लोहारासारखा भाता भाईर येणारा. तू पेढा खाल्लास, चहा प्यालास, “सिद्धा, बाकी काय न्हाय, ह्यो फुटांचा आकडा सोळावर ठेव आन् विसरून जा, सगळं सपष्ट येतंय” एवढं शिकवलंस आन् तुझी गाडी हाय म्हणून पळालास. मामानं शिकवावं तर असं. सिद्धा बाकीचं सगळं विसरला, त्यानं आकडा सोळावर ठेवला आन् त्ये बी विसरून गेला.

मग आली खंडेनवमी. दुकानाचा गज, कातरी, माझी विळी, शिवम्माचं शिलाईचं मशीन, सगळी पाटावर मांडली, त्यात ह्यो नवा पाव्हणा. पेटी झाकून ठेवली हुती. मी म्हटलं, झाकलेल्या वस्तूला पूजा पोचत न्हाय, उघड त्याला. उघडला. कपाळाला विभूतीची तीन बोटं मी ओढली, डोळ्याला कुंकू शिवम्माच्या हातनं लावलं, भात्यात झेंडूचं फूल खोचलं. दुसऱ्या दिवशी सिद्धा रुमाल घेऊन पुसायला निघाला. मी हात धरला. पूजेचं कुंकू पुसत्यात व्हय? ज्या घरात पोरगी उजवायचीय त्या घरात कुंकू पुसायचं, हे कुणी शिकवलं तुला? वाळंल आन् आपोआप पडंल. (पडलं न्हाय. आपल्या आईच्या, अव्वाच्या रीतीनं खाली मेण लावून वर कुंकू दाबलं हुतं. अव्वाचं कुंकू कधी पडलं हुतं का?)

हळदीच्या दिवशी पहिलं रीळ घातलं. आता त्या रिळाचं टोक पलीकडच्या फिरकीला अडकवायचं असतं म्हणे. टोक अडकवल्याबिगर कांडी भरत न्हाय, हे सोलापुरात मागाखाली रांगणाऱ्या पोराला बी कळतं, पण कापडाच्या दुकानदाराला कळंना. मागच्या अंगाला एक लाल काच हाय, तीतनं आकडे दिसत्यात, रीळ पुढं सरकलं का न्हाय ते समजतं. तर ह्यानं त्या काचेवरच पट्टी चिकटवली, का तर आत उजेड शिरंल! आन् मग मनातल्या मनात आकडे म्हणत बसला. पाची सवाशिणींना त्यानं हळदीचे हात वर धरून उभं केलं, “हलू नका, हलू नका” म्हणत. हळद वाळून पापुद्रे पडले तरी बायका हात वर करून उभ्या, देवाच्या दारात कौल मागायला आल्यागत. एकीला शिंक आली, तीबी तिनं गिळली. सात रस्त्यावरच्या स्टुडिओत नरसय्या हाय, त्यानं रीळ धुतलं तवा अख्खी फित कोरी निघाली. नरसय्या मला म्हणतो, “अव्वा, रीळ जाग्यावरनं हललंच न्हाई.” म्हटलं, व्हय बाबा, हलू नका म्हणून त्यालाच सांगितलं असंल.

लग्नाच्या दिवशी दुसरं रीळ. टोक अडकलं (शिवम्मानं अडकवलं, तिनं माहेरी कांड्या भरल्यात), अक्षता पडल्या, सिद्धा पाटावर चढून, खुर्चीवर चढून, एकदा तर भटजीबुवा म्हणून बसलेल्या आपल्या अय्याच्या खांद्यावर कोपर टेकवून काढत हुता. मी मनात म्हटलं, ह्ये निभावलं. तवर काशम्मा आली. पदर खोचलेला. “काढला न्हवं माझ्या मल्लूचा फोटो? मग दाखवा की.”

सिद्धा हसला. “विहीणबाई, आत हाय त्यो.”

“आत हाय म्हंजे? नवरदेवाच्या आईला दाखवायचा न्हाय, मग कुणाला दाखवणार?”

आता हितं शाण्या माणसानं काय करावं? पोट दुखतंय म्हणून पळावं, आंधळ्याचं सोंग घ्यावं. पण आमचा दीडशाणा, विहिणीचा मान राखायचा म्हणून, भर दुपारी, मांडवाच्या भाईर, उन्हात येऊन त्यानं कॅमेऱ्याचं पाठीमागचं दार उघडलं. दोघांनी डोकी घातली. काशम्मानं बोट लावून बगितलं. “ह्यात काय बी न्हाय की. कागद हाय नुसता.” त्याच घटकेला तिच्या मनानं घेतलं की ह्यांचा कॅमेरा बी खोटा, लाडू बी खोटे. तू शेजारीच हुतास, पागोटं सावरत. गार्डाचा कॅमेरा आणणारा तू, “उघडू नका” एवढे दोन शब्द तुझ्या तोंडातनं निघाले न्हाईत. निघणार कसे, तोंडात विडा हुता. ते रीळ नरसय्याकडं गेलं आन् काळंठिक्कर पडून आलं. एक कोरं, एक काळं. पोरीचं लग्न झालं, कागदावर मात्र अमावस्या.

ऱ्हायलं तिसरं रीळ, पंगतीचं आन् वरातीचं. ते तेवढं निघालंय. ते निघालं नसतं तर बरं झालं असतं. एक फोटो काढला की रीळ फिरवायचं असतं, आपण घास गिळतो न्हवं, मग दुसरा घेतो, तसं. ह्यानं गिळायच्या आत दुसरा घास कोंबला. त्यामुळं एका फोटोत जावयाच्या डोक्यावर आमटीची बादली हाय आन् वाढपी जावयाच्या छातीतनं चालत चाललाय. दुसऱ्यात गौरम्माच्या पोटातनं बँडवाल्याची पिपाणी भाईर आलीय. नवीन नवरीच्या पोटातनं! हा फोटो काशम्माला दाखवू? तीन फोटोंच्या कोपऱ्यात एक मोठं रताळं हाय. मी लई वेळ विचार केला की लग्नात रताळी कुटं केली हुती. नरसय्या म्हणाला, अंगठा. आन् उरलेल्यांत डोकी न्हाईत. कोट हायत, हार हायत, माझ्या सुनेचं मंगळसूत्र हाय, पण गळ्याच्या वर आभाळ. बाशिंग अर्धा दिवस उन्हात बांधून बसली ती दोघं, त्या बाशिंगाचा एक मणी न्हाय. वरातीचे काढले ते मावळत्या सूर्याकडं तोंड करून, त्यात सगळी माणसं कोळशाच्या वखारीतनं भाईर पडल्यागत, तुझी रत्नम्मा तेवढी चालीवरनं वळकू येते.

आन् तुझे ते सोळा फूट! पहिली पंगत बसायच्या आधी सगळ्या घराचा एक फोटो काढायचा ठरला. ह्याला आठवलं, मामा सोळा म्हणाला हुता. मग सोळा पावलं मोजत मागं चालला, तोंड आमच्याकडं, पाठ जगाकडं. अकरा, बारा म्हणेपतुर ठीक हुतं. पुढं पाव्हण्यांनी हातपाय धुतलेला चिखल हुता. पडला तो पडला, पण कॅमेरा असा वर धरून, पुरात माणूस लेकरू धरतो तसा. सगळी व्याही मंडळी हसली. काशम्मा म्हणाली, “सोळावं वरीस धोक्याचं म्हणत्यात, हितं सोळावं पाऊल.” अक्कलकोटची बाई कानडीतनं शिव्या देते, मराठीतनं टोमणे मारते. दोनी हातांनी जेवणारी. म्हणून पुढं पहिल्या पंगतीत, जाऊन्‌येऊन चिंचोळी जागा, मागं सरायची त्याला भीती बसली, तर नवरानवरीच्या तोंडात घास देतानाचा फोटो त्यानं ताटात गुडघा घालून काढला. तो तर नरसय्यानं छापला बी न्हाय. म्हणाला, दोघं बी धुक्यात हायत अव्वा, कागद वाया.

हे सगळं होऊन सिद्धा म्हणतो काय, “मामाचा कॅमेराच अशुभ.” आन् शिवम्मा म्हणते, रीळच जुनं हुतं. आन् जावई मल्लिनाथ, गरीब हाय पोरगं, म्हणालं, “आज्जी, माझं एक तरी डोकं असलेलं बघा की.” मला झोप न्हाय. रात्री पांघरूण डोक्यावर घेतलं की मी पण बिनडोक्याची दिसते की काय असं वाटतं. काशम्मा एकदा गड्ड्याला येऊन रिकाम्या हातानं परत गेली, की पोरीला जन्मभर दोन गोष्टी पुरतील, लाडू आन् फोटो. उद्या तिला पोर झालं तरी म्हणतील, बारशाला तरी फोटोवाला आणा.

तेवा तुझा कॅमेरा घेऊन जा. पेटी, पट्टा, भाता, झेंडूचं वाळलेलं फूल सगळं घेऊन जा. उत्तर तू लिही, रत्नम्माला लिहू देऊ नको. तिच्या पत्रात बी ‘सर्व क्षेम’ असतं, आन् मला क्षेम नकोय, मला सोय पायजे.

तुझी अक्का,
गुरम्मा

ता. क. – सोय कसली ते लिहायचं ऱ्हायलं. घाईत ऱ्हायलं न्हवं, सगळी झोपायची वाट बघत हुते. शुक्रवारी जावई येतोय. शनवारी मी गौरम्माला आन् त्याला घेऊन जेऊरला येते, सोबत बाशिंगं, हार, शालू, कोट. तू म्हणाला हुतास की बाजाराच्या दिवशी करमाळ्याचा फोटोवाला स्टेशनासमोर पडदा लावून बसतो. त्याला तुझ्या क्वार्टरमागच्या लिंबाखाली बोलावून ठेव. चार बांबू आन् एक चादर, झाला मांडव. लग्न परत लावायचं. पौषात लग्न म्हणून तुझे शेजारी तोंडाला पदर लावतील, त्यांना सांग नाटकाची तालीम हाय. फोटोत महिना दिसत न्हाय. आन् पाप म्हणशील, तर आपल्या सिद्धरामाच्या लग्नाच्या अक्षता गड्ड्यात दर साली नव्यानं पडत्यात, अख्खं सोलापूर जमतं, कुणी म्हणत न्हाय की गेल्या साली झालं हुतं की. देवाचं दर साली लागतं, तर गौरम्माचं दोनदा लागल्यानं काय बिघडलं? तू तेच पागोटं बांध, विडा खायचा न्हाय. अडचण एकच, विहिणीबिगर लग्न कसं दिसंल? त्याचा तोडगा मी काढलाय. रत्नम्मा अंगानं तिच्यासारखीच हाय. काशम्मासारखं हिरवं लुगडं नेसवून तिला जावयाशेजारी उभी कर, आन् तो एक फोटो करमाळेवाल्याला काढू द्यायचा न्हाय. तो आमचा सिद्धलिंग काढंल. मानेपास्नं वर काय बी यायचं न्हाय, ही त्याची हमी. आयुष्यात एका कामात तरी पोरगा तयार झालाय. ही गोष्ट रत्नम्माला आत्ताच सांगू नको, लुगडं नेसली की सांगू.

आणखी एक. हे बंद पाकिटातनं धाडतीया ते ह्याच्यासाठी. आज परत नरसय्याकडं जाऊन आले. कॅमेरा त्याला दाखवला, म्हटलं बघ, डोकी कुटं जातात. त्यानं फिरवून फिरवून बगितला, मग वरच्या अंगाची बारकी काच मला दाखवली. “अव्वा, ह्याला डोळा लावून फोटो काढणारा बघतो. ही बंद केलीय कुणीतरी. कुंकवाचं चांगलं ठिगळ बसलंय.” म्हटलं, हाच त्याचा डोळा न्हवं का? तर म्हणतो, “कॅमेऱ्याचा डोळा खालचा, भात्यावरचा मोठा. ह्यो माणसाचा डोळा.” म्हणजे सिद्धा लग्नभर कुंकवात डोळा घालून नेम धरत हुता, आन् मी पुसू नको म्हटलं म्हणून पुसलं न्हाय, आन् दिसत न्हाय असं सांगायची बी लाज. आता तूच सांग, वर बारकी काच, कपाळाखाली, माणसाच्या डोळ्याएवढी, तिला डोळा न्हाय म्हणायचं तर काय बेंबी म्हणायचं? ही चूक ज्यानं कॅमेरा दिला त्याची. घरात कुणाला सांगणार न्हाय, तू बी सांगायचं न्हाय. येताना नरसय्याला म्हटलं, तो धुक्यातला घास भरवायचा फोटो तेवढा छापून दे. कागद वाया जाऊ दे, पोरीचं सावट तरी असंल. उद्या देतो म्हणाला. शनवारचं नक्की समज.

बुधवार. पाकीट डिंक लावून बंद केलं हुतं, परत वाफेवर धरून उघडलंय. शनवारचं मोडलं. हितपतुर वाचून बांबू काढायला उठला असशील तर ते तुझ्या दोडक्याच्या वेलाला लाव.

नरसय्यानं फोटो दिला. हातात घेतला आन् मी सात रस्त्यावर, टांग्याच्या वाटेत, तशीच उभी ऱ्हायले. नवरानवरी मधोमध, तोंडाजवळ हात, पण नुसतं धुकं, नाक कुटलं आन् घास कुटला कळत न्हाय. आन् कडेला, त्यांच्या मागं लांब, कोठीच्या खोलीचं दार. दारात काशम्मा. एवढी लखलखीत की नथीचा मोती मोजून घ्यावा. एका हातात उशीचा अभ्रा, फुगलेला. दुसऱ्या हातात लाडू, आत पडायच्या बेतात. खाली माझी टोपली, धडपा सोडलेला. मी नरसय्याला विचारलं, हे कसं? तर म्हणाला, आकडा सोळावर हुता, जवळची माणसं पुसली गेली, सोळा फुटांवर जी उभी हुती ती नेमकी आली. आन् कुंकवामुळं नेम कडेला गेला, न्हायतर ती आलीच नसती. आन् अशी हललीसुदिक कशी न्हाय? सांगू? सिद्धा ओरडला असंल, “हं, हलू नका, हिकडं बघा.” सगळ्या मांडवात एकट्या काशम्मानंच ऐकलं. कॅमेऱ्याकडं तोंड करून, लाडू तसाच धरून, हसून उभी ऱ्हायलीय. तिला वाटलं तिचाच काढतोय. अभ्रा बी वळकला मी, ‘सुखनिद्रा’ असं निळ्या दोऱ्यानं भरलंय, वऱ्हाडाच्या जानवशाच्या गादीवर आमीच दिलेला. तो बी परत आला न्हाय.

घरी येऊन गौरम्माला दाखवला. आली त्या दिवसापास्नं पहिल्यांदा हसली, ती उखळावर हात टेकून खालीच बसली. मी म्हटलं, हसून संपवू नको, सासरी पुरवून वापर. यात्रंला विहीणबाई येऊ देत. चहा देईन, पाय धुवायला पाणी देईन, आन् फोटो मागितले की देव्हाऱ्यातनं हा एकच काढून हातात ठेवीन. “विहीणबाई, एकच धड आला. तुमचाच. मोठा करून भिंतीला लावू का?” बघू, कुठल्या भाषेत उत्तर देते ती.

आता तुझी कामं. यात्रंला पागोटं बांधून ये, तिच्या समोर बस, काय बोलू नको, फक्त लाडू खा. कॅमेरा परत मागायचा न्हाय, तो आमचा. कुंकू बी ऱ्हाणार, मी म्हटलं हुतं न्हवं, पूजेचं कुंकू पुसायचं न्हाय. आन् हे पत्र रत्नम्माला वाचून दाखव. तिला लुगडं नेसवायचं हुतं ते सांग, पिपाणीचं सांग, हसंल. कोठीच्या दाराशी ती दोनदा दिसली हुती असं जिथं मी लिहिलंय ती ओळ तेवढी गाळ. ती तितं माझ्यासाठी पाणी शोधत हुती, हे मला आज आठवलं.

तेवा ह्या खेपंला उत्तर तू लिहायचं न्हाय. रत्नम्मानं लिहायचं. तिनं ‘सर्व क्षेम’ लिहिलं तरी चालंल, मी खरं धरीन.